कितवे पंतप्रधान

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमच्याच शेतात तंबू ठोकून राहायचो. साखऱ्याच्या शिवारात, गावापासून बरंच आत आमचं रान आहे. गावात घर आहे, पक्कं आहे, पंखा आहे, नळ आहे. तरी सोयाबीन निघालं की हे आम्हा दोघी मायलेकींना घेऊन रानात झोपायला जायचे. गावातल्या बाया विचारायच्या, घर असून रानात काहून झोपता? मी म्हणायची, ह्यांनाच विचारा.

ह्यांनी पुण्यात राहून बरीच वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला होता. पूर्व निघायची, मुख्य राहायची. एकदा मुलाखतीपर्यंत जाऊन आले. मग वय उलटलं, आमचं लग्न झालं आणि सेनगावात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान त्यांनी टाकलं. पुण्याहून दोन गोष्टी ते सोबत घेऊन आले. एक म्हणजे तंबूत राहायची हौस, कारण तिथले मित्र त्यांना एकदा किल्ल्यावर मुक्कामाला घेऊन गेले होते. आणि दुसरं म्हणजे डोक्यात भरलेली सगळी माहिती. ती आता कोणत्याच पेपरात लिहायची नव्हती, म्हणून ते ती आमच्या लेकीला सांगायचे.

तंबूपुढे तीन दगडांची चूल असायची. शेंगा भाजायच्या, भाकरी थापायच्या, आणि जेवताना ह्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. सगळे देशाच्या पुढाऱ्यांवरचे. त्यातही शाळेच्या पुस्तकात असतं ते त्यांना आवडायचं नाही. एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेले पंतप्रधान कोण? एकदाही संसदेपुढं उभं न राहता पायउतार झालेले पंतप्रधान कोण? एकदा हरलेले आणि पुढं बिनविरोध निवडून आलेले राष्ट्रपती कोण? लेक तेव्हा पाचवीत होती. ती पटापट नावं सांगायची आणि वर "कितवे" तेही सांगायची, कारण नाव आणि नंबर दोन्ही बरोबर आले तरच ह्यांच्याकडे गुण मिळायचा. मला काही येत नसे. मी भाकरी उलटत बसायची. मला ते दोघं तसे बसलेले बघायला बरं वाटायचं, एवढंच.

त्या वर्षी ह्यांनी नवीन तंबू मागवला होता. निळा, चेनचा. पण आत गेल्यावर कळलं की त्यात दोघंच नीट मावतात. लेकीला आणि मला आत झोपवून हे तोंडाशी बाहेर झोपले. खाली टोचू नये म्हणून त्यांनी सोयाबीनचं भुसकट पसरलं, त्यावर सतरंजी, त्यावर गोधडी. तूर फुलावर आली होती, सकाळी दव पडायला लागलं होतं, हवा अशी की पांघरूण सोडवत नाही.

उजाडायच्या बेतात ह्यांनी मला हाक मारली. म्हणाले, पोट दुखून राहिलं. रात्री भजी केली होती, तेल जरा जुनं होतं, मला वाटलं तेच असेल. मी ओवा दिला, चूल पेटवून पाणी गरम केलं. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि पाणी ओठांच्या कोपऱ्यातून खाली आलं. ते हसले, मीही हसले. म्हणाले, घसा धरला वाटतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू दोन-दोन दिसून राहिलीस." मी म्हटलं, झोप झाली न्हाई तुमची, पडा जरा. त्यांच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. मला खरंच वाटलं की ते पेंगत आहेत.

सूर्य वर आल्यावर लेक अंथरुणं उन्हात टाकायला गेली. ती ओरडली नाही. चालत माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, पप्पाच्या गोधडीत साप हाय."

गोधडीच्या घडीत तो वेटोळं करून पडला होता. काळाभोर, अंगावर बारीक पांढऱ्या कड्या, हलतसुद्धा नव्हता. मी ह्यांच्याकडे वळले. ते बसूनच पाहात होते. पापणी वर राहात नव्हती, म्हणून त्यांनी एका बोटाने ती उचलून धरली होती. त्यांनी साप पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"मण्यार हाय," ते म्हणाले. "मामाला बोलाव. मारत बसू नका त्याला."

त्यांच्या अंगावर कुठंही सूज नव्हती, रक्त नव्हतं. मी हात बघितले, पाय बघितले. कोपराच्या वर डास चावल्यासारखं काहीतरी होतं, ते तरी खरं का ते मला आजही सांगता येत नाही. पण त्या क्षणी मला पहाटेपासूनचं सगळं एकदम कळलं. पोट, पाणी, डोळे. आम्ही ओव्यात आणि पेंगण्यात किती वेळ घालवला होता तेही कळलं.

आमच्या बांधाला लागून ज्यांचं शेत आहे त्यांना आम्ही सगळेच मामा म्हणतो. नात्याने कोणी नाहीत. त्यांच्याकडे जुनी जीप आहे. रानात फोनला रेंज नसते, म्हणून लेक बांधावरून पळत गेली. मी ह्यांना टेकून बसवलं. ते सारखं म्हणत होते, मला आडवं करू नको. मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले आणि जीपचा आवाज येईपर्यंत त्यांचा प्रत्येक श्वास माझ्या पाठीत मोजत राहिले.

मामांनी विचारत बसण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी आणि मी ह्यांना मागच्या सीटवर घातलं. ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. लेक समोरच्या फळीवर बसली, त्यांचा हात हातात घेऊन. मामा गाडी सुरू करता करता एवढंच म्हणाले की झोपू देऊ नका, काहीतरी बोलत राहा.

माझ्या तोंडात फक्त "अहो, अहो" एवढंच येत होतं. लेकीने सुरुवात केली. तिने विचारलं, "पप्पा, एकोणतीस फेब्रुवारीचे पंतप्रधान कोण?"

ह्यांनी नाव सांगितलं. जड जिभेने, पण बरोबर. तिने पुढचा विचारला, कोणत्या राष्ट्रपतींच्या वाढदिवसाला आपण शिक्षक दिन करतो? तेही आलं. कच्च्या रस्त्यावर जीप उडत होती, धूळ आत येत होती, आणि माझी अकरा वर्षांची पोरगी आवाज न कापता एकामागून एक विचारत होती. रामटेकहून निवडून गेलेले पंतप्रधान कोण? लहानपणी पेपर टाकणारे राष्ट्रपती कोण? ह्यांची उत्तरं हळूहळू तोंडात घास असल्यासारखी यायला लागली. मग नावांची मधली अक्षरं गळायला लागली. मग नुसता आवाज आला.

मला वाटलं, लेक आता रडेल. ती म्हणाली, "पप्पा, नाव नका सांगू. कितवे ते सांगा. माझा हात दाबा."

आणि त्यांनी हात दाबला. तिने नदी पोहून शाळेत जाणारे पंतप्रधान विचारले, त्यांनी दोनदा दाबला. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, बरोबर म्हणून. नंतर तिने पहिल्या महिला राष्ट्रपती कितव्या ते विचारलं. बाराव्या, तेवढं मलासुद्धा ऐकून ऐकून पाठ होतं. त्यांची बोटं दाबत गेली, मध्ये ढिली पडली, पुन्हा दाबली, आणि बारा व्हायच्या आधीच थांबली. लेकीच्या लक्षात आलं. तिने त्यानंतर मोठ्या आकड्याचा प्रश्न विचारला नाही. पहिले, दुसरे, तिसरे, एवढ्यांतलेच ती शोधत राहिली. एकदा "पदावर असताना" अशी सुरुवात करून ती एकदम थांबली. पुढचा शब्द काय आहे ते मला माहीत होतं. तिने बाहेर कापलेल्या रानाकडे बघितलं आणि मग दुसरंच काही विचारलं.

डांबरी रस्ता लागायच्या आधी एक फाटा आहे. मामांनी जीप तिकडे वळवली. मी विचारलं, इकडं काहून? ते म्हणाले की आत वस्तीवर एक माणूस आहे, मंत्राने विष उतरवतो, त्यांच्या आईला त्यानेच वाचवलं होतं. दोन मिनिटांचं काम आहे, मग दवाखान्यात जाऊ. ते मनापासून बोलत होते. त्यांच्या आईला मीही पाहिलेलं आहे, ती त्यानंतर खूप वर्षं जगली.

मी म्हणाले, "मामा, तुमची माय वाचली, लई चांगलं झालं. मला डॉक्टरकडं न्या. न्हाईतर गाडी थांबवा, मी ह्यांला पाठीवर घेऊन चालत जाते."

मामांनी गाडी थांबवली. त्यांना वाटत होतं की मी माझ्या हाताने माझा नवरा घालवते आहे. मला तीच भीती त्यांच्याबद्दल वाटत होती. तेवढ्यात ह्यांनी हात उचलला. कोपरातून जेमतेम. तो हात मागे, डांबरी रस्त्याकडे गेला आणि मांडीवर पडला. मामांनी गाडी रिव्हर्स घेतली. त्यानंतर सेनगाव येईपर्यंत जीप त्यांनी अशी पळवली की समोरून येणाऱ्या बसवाल्याने हॉर्न देत कडेला घेतली.

तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्याने ह्यांना मान उचलायला सांगितली. मान उचलली गेली नाही. त्याने डोळे उघडायला सांगितले, तेही झालं नाही. त्याने लगेच सलाइन लावलं, विषावरचं इंजेक्शन सुरू केलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की औषध दिलं आहे, पण ह्या सापाचं विष श्वासाचे स्नायू बंद करतं. मशीन लागेल, हिंगोलीला न्यावं लागेल, आणि वाटेत श्वास थांबू शकतो. मी विचारलं, थांबला तर? तो म्हणाला, आम्ही देऊ. तेव्हा ते मला समजलं नाही. ॲम्ब्युलन्स यायच्या आधी त्याने ह्यांच्या घशात नळी घातली आणि रबरी फुगा जोडला. मग समजलं. श्वास आता कोणीतरी हाताने द्यायचा होता.

लेकीला मामांच्या जीपमध्ये बसवून मी ॲम्ब्युलन्समध्ये चढले. सोबतचा माणूस फुगा दाबत होता. दाबला की ह्यांची छाती वर यायची, सोडला की खाली. पुढं त्याला सलाइन बदलायचं होतं. तो म्हणाला, ताई, हे धरा. मी दाबा म्हणलं की दाबा, सोडा म्हणलं की सोडा. मी धरला. नंतर त्याने परत मागितला नाही, किंवा मी दिला नसेन. नरसीत रस्त्यावर गर्दी होती, देवाला आलेल्या गाड्या, नारळाची दुकानं, मध्येच उभा राहिलेला ट्रॅक्टर. गाडीचा वेग मंदावला तसा माझा हात आपोआप जोरात चालायला लागला. तो माणूस म्हणाला, सावकाश, ताई, घाई करू नका, तुमचा श्वास जसा चालतो तसा त्यांना द्या. पण माझा स्वतःचा श्वास कसा चालतो तेच मला कळत नव्हतं. माझ्या मनगटात गोळे आले. एवढंच डोक्यात होतं की हा हात थांबला तर हे गेले.

हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना मशीनला लावलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पापण्या उचलून डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुली जशीच्या तशी राहिली. मी ते बघितलं, आणि मी बघितल्याचं त्यांनी बघितलं. त्या म्हणाल्या, "हे विषामुळं होतं. माणूस गेल्यासारखा दिसतो, पण त्याला ऐकू येत असू शकतं. बोलत राहा त्यांच्याशी. हमी मी देत नाही, पण घाई करू नका."

मी बोलायला गेले आणि मला काही बोलता येईना. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं की सोयाबीनच्या पोत्यांवर ताडपत्री टाकायची राहिली आहे. दुकानाची किल्ली घरीच आहे. पोरगी जेवली. ते सांगता सांगता माझा आवाज इतका परका वाटायला लागला की मी गप्प बसले. मशीनच बोलत होतं तेवढं. नर्सबाई येऊन वेळ संपल्याचं सांगायच्या आणि मी बाहेर जिन्याखाली जाऊन बसायची. तिथं माझ्यासारख्याच बाया होत्या, पिशव्या उशाला घेऊन. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझे मोठे दीर आले. गावातली दोन-तीन माणसं घेऊन आले. ते वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगते. वडील लवकर गेल्यावर ह्यांचं शिक्षण त्यांनीच केलं. ते आत जाऊन आले आणि भिंतीला धरून उभे राहिले. मला म्हणाले की डोळे थिजलेत, अंग गार पडलंय, मशीन फक्त हवा भरून राहिली. त्याचं काही त्यात उरलं न्हाई. सोबतच्या माणसांनी माना हलवल्या. त्यांच्यातल्या एकाने असा माणूस आधी दुसऱ्या दवाखान्यात पाहिला होता. मी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. दीर म्हणाले, ते तसंच म्हणत असतात.

दोन दिवस तेच चाललं. रोज आत जायचं, रोज तसाच चेहरा बघायचा, रोज बाहेर येऊन दिरांपुढं उभं राहायचं. डॉक्टर नको म्हणत होते, पण घरच्यांनी सही केली तर नेता येतं, हे दिरांनी विचारून ठेवलं होतं. सही माझी लागणार होती. दीर मला रागावले नाहीत, उलट फार मऊ बोलले. "घरी नेऊ त्याला. इथं नळ्यांत काहून ठेवायचं? आपल्या मातीत जाऊ दे," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हे सगळं ह्यांच्या खाटेच्या पायाशीच बोललं गेलं. मी नाही म्हणाले. संध्याकाळी पुन्हा नाही म्हणाले. पण तो नकार कशाच्या जोरावर देते आहे ते मला सांगता येत नव्हतं. जीपमध्ये मला माहीत होतं काय करायचं. इथं मला काहीच माहीत नव्हतं. रात्रंदिवस उजेड तसाच असायचा, माझे पाय सुजले होते, आणि एका घटकेला मला असंही वाटलं की दीर बरोबर असतील, मीच त्यांना जाऊ देत नसेन. उद्या सकाळी सही करीन, असं मी मनात म्हणून पाहिलं. म्हणताना मला रडू आलं नाही, याचीच मला भीती वाटली.

लेक मामांच्या घरी राहात होती. मामा तिला रोज घेऊन यायचे, पण लहान मुलांना आत सोडत नसत. ती काचेबाहेर उभी राहून परत जायची. त्या सकाळी तिने नर्सबाईंना स्वतः विचारलं. नर्सबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि तिला आत घेतलं. दीर आणि मी आधीच आत होतो.

ती तोंडाजवळ गेली नाही. नळीकडे बघवत नव्हतं तिला. ती पायाशी उभी राहिली आणि चादर वर करून तिने त्यांचे तळपाय धरले. "गार हायत," ती म्हणाली, आणि चोळायला लागली. चोळता चोळता तिने विचारलं, नेहमी चुलीपुढं विचारलं जायचं त्याच सुरात, "पप्पा, एकदाही संसदेपुढं न गेलेले पंतप्रधान कितवे?"

दिरांनी तोंड फिरवलं. मला तिला थांबवावंसं वाटलं. मी पुढं झालेसुद्धा.

ती म्हणाली, "आई, थांब. अंगठा हलला."

डाव्या पायाचा अंगठा होता. मी वाकून बघितलं. तो हलला. नखाएवढा, पण हलला. मग थांबला. मला वाटलं, हे झटके असतात, नर्सबाईंनी सांगितलं होतं तसे. मी तिला तसं म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली, "बोलू नको. ते मोजून राहिले."

आम्ही उभे राहिलो. मशीन चालू होतं. बऱ्याच वेळाने अंगठा पुन्हा हलला. मग पुन्हा. मधे इतकं थांबत होते की प्रत्येक वेळी मला वाटायचं, संपलं. पाचव्यांदा हलला आणि मग हलला नाही. लेक माझ्याकडे वळली. "पाचवेच हायत," ती म्हणाली.

दीर जवळ आले. त्यांना पटलं नव्हतं. ते म्हणाले, पोरीच्या हाताने हलत असेल. त्यांनी लेकीला बाजूला केलं, कोणी पायाला हात लावू नका म्हणाले आणि खाली वाकले. त्यांनी ह्यांना नावाने हाक मारली, लहानपणीच्या नावाने, जे मी लग्नात एकदाच ऐकलं होतं. आणि विचारलं, "आपण भावंडं किती रे?"

मला वाटलं तीन येतील. दीर, हे, आणि परभणीला दिलेली नणंद. आम्ही सगळ्यांना तेवढीच सांगतो. अंगठा एकदा हलला, दोनदा, तिसऱ्यांदा. दिरांनी श्वास सोडला. आणि मग पुन्हा एकदा, चौथ्यांदा.

दीर फरशीवर खाली बसले. ह्यांच्या पाठीवर एक भाऊ होता, चालायला लागायच्या आत तापात गेलेला. घरात त्याचं नाव कोणी घेत नसे. मला ते त्या दिवशी कळलं. दिरांनी डोकं खाटेच्या लोखंडाला टेकवलं आणि ते मोठ्याने रडले. नर्सबाई धावत आल्या. त्यांच्या मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी स्वतः बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. कोणीही पुन्हा सहीचा विषय काढला नाही.

त्यानंतरही सगळं सोपं झालं नाही. छातीत कफ झाला, ताप चढला, एकदा मशीन काढून पाहिलं आणि लगेच परत लावावं लागलं. पण अंगठ्यानंतर बोटं आली, बोटांनंतर पापण्या. पापण्या उघडल्यावर त्यांनी पहिल्यांदा छताकडे बघितलं आणि त्यांच्या कानापर्यंत पाणी ओघळलं. मी पदराने पुसलं. नळी निघाली तेव्हा त्यांचा आवाज फाटका झाला होता, अजूनही तो थोडा तसाच आहे.

त्यांनी सगळं ऐकलं होतं. हे त्यांनी मला घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी सांगितलं. डोळ्यांत बॅटरी मारली ती दिसली होती. मी ताडपत्रीचं बोलले तेही. आणि खाटेच्या पायाशी दीर मातीत जाऊ दे म्हणाले तेही. ते म्हणाले, "मी आतून बोंबलत होतो. तुमच्यातल्या एकालाही ऐकू येत न्हवतं." मग म्हणाले की दादाला हे कधी सांगू नको. मी सांगितलेलं नाही. दीर अजून दर सोमवारी येतात, ह्यांच्यासाठी काहीतरी घेऊन येतात, आणि दोघं ओट्यावर बसून पावसापाण्याचं बोलतात.

लेक आता आठवीत आहे. पुढाऱ्यांची नावं तिला विचारलेली चालत नाहीत. शाळेत सामान्य ज्ञानाची स्पर्धा होती, सरांनी तिचं नाव घातलं, तर तिने जाऊन काढून टाकलं. ह्यांना वाईट वाटलं. एकदा मीच तिला विचारलं, काहून गं? ती म्हणाली की त्या जीपमध्ये तिला माहीत असलेले प्रश्न संपत आले होते, आणि संपले तर काय करायचं हे तिला अजून स्वप्नात पडतं.

आम्ही दवाखान्यातून घरी आलो ते एसटीने. दीर गाडी करू म्हणत होते, हेच नको म्हणाले. त्यांना माणसांत बसून यायचं होतं. खिडकीशी बसवलं त्यांना. हिंगोली सुटलं तसं ऊन तोंडावर यायला लागलं आणि त्यांचे डोळे मिटले. मान माझ्या खांद्यावर आली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आता झोपले तरी चालेल, खूप झोपतील. मला ते पाठ होतं. तरी मी माझं बोट त्यांच्या नाकाखाली धरलं. श्वास लागला. मी हात काढला आणि लगेच परत धरला. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून बघितलं, मी काय करते आहे ते तिला कळलं नसावं. आमचा थांबा येईपर्यंत मी बोट तिथंच ठेवलं होतं.